दर दोन तासांनी

पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं, की शिक्रापूरला डावीकडं वळायचं. तिथून राजगुरुनगरकडं जाणाऱ्या रस्त्यावर पाबळ लागतं. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक असतं ते मस्तानीमुळं. बाजीरावांच्या पाठोपाठ १७४० साली तीही गेली. तिची कबर इथं आहे. शिक्षणाच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना ते ठाऊक असतं डॉ. श्रीनाथ कलबागांमुळं. मुंबईतली संशोधकाची भरभक्कम नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली इथल्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. मला मात्र पाबळ म्हटलं, की एका पडवीतली खाट आठवते.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी तिथल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. सगळा पट्टा अवर्षणाचा. त्यामुळं शाखेचं निम्मं काम विहिरींचं. सातबारा पाहायचा, जामीनदार पाहायचे, कर्ज मंजूर करायचं, पहिला हप्ता द्यायचा, खोदाई कुठवर आली ते स्वतः जाऊन पाहायचं आणि मग दुसरा हप्ता सोडायचा. अशाच एका विहिरीचं काम चालू असताना यारीचा दोर तुटला. शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, वय वर्षं चोवीस, तळाच्या खडकावर पाठीवर आदळला. चौघांनी त्याला हातापायांना धरून वर काढलं, जीपच्या मागच्या बाकावर मुटकुळं करून घातलं आणि शहरात नेलं. मोडलेल्या पाठीच्या माणसाला असं उचलायचं नसतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. काही आठवड्यांनी त्याला घरी आणलं, तेव्हा कमरेखालचं सगळं गेलेलं होतं.

पुढं कुणीतरी विजेच्या यंत्राबद्दल सांगितलं. थोरल्या भावानं बैलजोडी विकली आणि यंत्र आणलं. ते पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी मी योगायोगानं तिथंच होतो. मांडीवर ओल्या पट्ट्या बांधल्या, बटण हळूहळू फिरवलं आणि कित्येक महिने निपचित पडलेली ती मांडी थरारली, पाय खाटेवरून उसळला. त्याच्या आईनं पदर तोंडात धरला. कुणीतरी धावत जाऊन नारळ आणला. मी पण भारावून गेलो, हे कबूल करायला हवं.

त्या दिवसापासून घराची सगळी आशा त्या यंत्रावर एकवटली. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. उरलेले तेवीस तास मुलगा पाठीवर पडून असायचा. पाय उसळतोय ना, मग काळजीचं कारण नाही, अशी सगळ्यांची समजूत. वास येऊ लागला तेव्हा त्याला कुशीवर वळवून पाहिलं. माकडहाडापाशी वाटीएवढी जखम झाली होती आणि तिच्या तळाशी हाड दिसत होतं. मग ताप आला, तो हटेना. अपघातानंतर चौदाव्या महिन्यात तो गेला. विहिरीला पुढच्या वर्षी पाणी लागलं. बापानं कर्ज पै न पै फेडलं. माझ्या दप्तरात खातं नियमित बंद झाल्याची नोंद आहे.

पाय का उसळला, आणि उसळत असूनही तो मुलगा का गेला, हा प्रश्न मी पुढं बदल्यांच्या प्रत्येक गावी बरोबर नेला. उत्तर सापडलं ते निवृत्तीनंतर, एका माणसाचं चरित्र वाचताना. या माणसानं विजेच्या त्या झटक्यांचा अभ्यास स्वतःच्या हातांनी केला होता. ते काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याचं नाव डॉ. लुडविग गुटमान.

*

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ चा. जन्मगाव टोस्ट, तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर सनातनी ज्यू वळणाचं. लुडविग लहान असतानाच कुटुंब क्योनिग्सहुट्ट या कोळशाच्या खाणींच्या गावी राहायला गेलं. खाणींचं गाव म्हणजे अपघातांचं गाव. पहिलं महायुद्ध चालू होतं. १९१७ साली अठराव्या वर्षी हा मुलगा तिथल्या अपघात रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करू लागला.

एके दिवशी तिथं एका धिप्पाड तरुण खाणकामगाराला आणलं. पाठीचा कणा मोडलेला. त्याला प्लॅस्टरमध्ये घातलं, खाटेभोवती पडदे लावले आणि वॉर्डातल्या इतरांपासून वेगळं केलं. गुटमान त्याच्या कागदावर नोंदी लिहू लागले, तेव्हा वरिष्ठांनी सांगितलं, की फार तपशिलात जाऊ नका. हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. झालंही तसंच. लघवीच्या मार्गात संसर्ग झाला, पाठीला जखमा पडल्या, रक्तात विष भिनलं आणि पाचएक आठवड्यांत तो गेला. त्या काळात हे काही वावगं नव्हतं. जगभर हेच चालत होतं. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के दगावले. त्यातले बहुतेक मूळ इजेनं नव्हे, तर पाठीच्या जखमांनी आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. म्हणजे ज्या कारणांनी आमचा पाबळचा मुलगा पंचाहत्तर वर्षांनी गेला, त्याच.

गुटमान तो खाणकामगार कधीच विसरले नाहीत. पुढं ते ब्रेस्लाऊ आणि फ्रायबुर्ग इथं वैद्यक शिकले, १९२४ साली डॉक्टर झाले आणि ब्रेस्लाऊमध्ये ओटफ्रीड फोर्स्टर यांच्या हाताखाली मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांचं काम करू लागले. फोर्स्टर हे त्या काळचं मोठं नाव. लेनिनच्या अखेरच्या आजारात त्यांना मॉस्कोला बोलावून घेतलं होतं. अशा गुरूचा पहिला साहाय्यक होण्यापर्यंत गुटमान पोचले. नाव होऊ लागलं. आणि १९३३ उजाडलं.

हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आलं. गुटमान ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि १९३७ साली त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं पेटली, दुकानं फुटली, माणसं घरातून ओढून नेली जाऊ लागली. गुटमान यांनी हुकूम दिला, की आज रात्री दाराशी येईल त्या माणसाला काहीही न विचारता दाखल करून घ्या. सकाळपर्यंत ६४ माणसं दाखल झाली. गेस्टापोचे अधिकारी चौकशीला आले, तेव्हा गुटमान त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी फिरले आणि प्रत्येकाचा एकेक आजार सांगत गेले. आजार बहुतेक तिथल्या तिथं रचलेले. साठ माणसं त्या दिवशी वाचली.

मी बँकेत हयात घालवलेला माणूस. कागद खरा की खोटा, हे पाहणं हा माझा धंदा होता. पण त्या दिवशी गुटमान यांनी तयार केलेल्या खोट्या कागदांइतके खरे कागद मी पाहिलेले नाहीत.

पारपत्र जप्त झालेलं होतं. सुटका झाली तीही विचित्र रीतीनं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्राला तपासायला नाझी सरकारनंच त्यांना लिस्बनला पाठवलं. परतताना ते लंडनला थांबले. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या तिथल्या संस्थेनं कागदपत्रांची सोय केली. १४ मार्च १९३९ रोजी गुटमान पत्नी एल्स आणि दोन लहान मुलांसह इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. वय चाळिशीला टेकलेलं आणि परभाषा तोडकीमोडकी. ऑक्सफर्डला आसरा मिळाला, पण रुग्ण तपासायची पूर्वीसारखी मुभा नव्हती. एका नामांकित डॉक्टरच्या वाट्याला प्रयोगशाळा आणि ससे आले.

*

इथून आपल्या विषयाचा धागा सुरू होतो.

विजेनं स्नायू आखडतो, हे इटलीतल्या गॅल्वानीनं अठराव्या शतकाच्या अखेरीस बेडकाच्या पायावर पाहिलं आणि १७९१ साली जगाला सांगितलं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ड्यूशेननं माणसाच्या एकेका स्नायूला वीज देऊन त्याचं काम शोधलं. मग विजेच्या पेट्यांचं पेवच फुटलं. लकव्यापासून नैराश्यापर्यंत सगळ्यांवर एकच इलाज. शहाणे डॉक्टर या प्रकारापासून चार हात दूर राहू लागले. दुसऱ्या महायुद्धात हातापायांच्या नसा तुटलेले सैनिक ढिगानं येऊ लागले, तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तुटलेली नस शिवली तरी ती दिवसाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढते. ती स्नायूपर्यंत पोचेतो महिने जातात आणि तोवर स्नायू वाळून दोरी होतो. विजेनं तो टिकवता येईल का?

ऑक्सफर्डमध्ये गुटमान यांना एक सहकारी मिळाला. तोही नाझींपासून पळालेला, चेकोस्लोव्हाकियाचा, आणि आडनावही गुटमानच. फक्त एका टीचा फरक. एर्नेस्ट गुटमान आणि लुडविग गुटमान या जोडीनं सशांच्या पायाच्या नसा तोडून स्नायूंना नेमानं विजेचा व्यायाम दिला आणि ज्यांना तो दिला नाही अशा स्नायूंशी ताडून पाहिलं. १९४२ आणि १९४४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीज दिलेला स्नायू कमी वाळतो. जितक्या लवकर सुरुवात आणि जितका नेम पक्का, तितका फायदा जास्त. नस परत पोचली की असा स्नायू लवकर भरून येतो. मात्र नस वाढण्याचा वेग विजेनं वाढत नाही. हेच दोन गुटमान, जे. झेड. यंग आणि पुढं नोबेल मिळवलेले पीटर मेडावर यांनी मिळून नस किती वेगानं वाढते याचं मोजमापही तेव्हाच केलं.

ही शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीनं महत्त्वाची. वीज स्नायूला राखते, पण तुटलेलं जोडत नाही.

मग पाबळला पाय का उसळला? आमच्या भागातल्या माणसाला हे सहज कळेल अशा रीतीनं सांगतो. समजा, वीज मंडळाची मुख्य तार वाटेत कुठंतरी तुटली आहे. गावातल्या डीपीपासून विहिरीच्या मोटरीपर्यंतची वायर मात्र धड आहे. तुम्ही त्या वायरीला जनरेटर जोडला, तर मोटर सुरू होईलच. त्यावरून मुख्य तार जुळली असं कुणी म्हणणार नाही. मेंदूकडून येणारी मुख्य तार म्हणजे मज्जारज्जू. ती पाठीत मधेच तुटली, तरी तुटलेल्या जागेच्या खाली मज्जारज्जू आणि तिथून पायाकडं जाणाऱ्या नसा बऱ्याचदा शाबूत असतात. यंत्राचा झटका त्या नसेला बसतो आणि स्नायू उसळतो. खुद्द पायाकडं जाणारी नसच मेली असेल, तर असा हलका झटका चालत नाही. तिथं स्नायूलाच जास्त काळ टिकणारा प्रवाह द्यावा लागतो. सशांवरचे प्रयोग या दुसऱ्या प्रकारचे होते. पण दोन्हीकडं हिशोब एकच: पाय उसळला म्हणजे हुकूम वरून आला असं नव्हे. आम्ही त्या पडवीत नारळ फोडला तो जनरेटरवर चाललेल्या मोटरीसाठी.

*

१९४३ साली ब्रिटिश सरकारनं गुटमान यांना विचारलं, की युरोपात उतरायची तयारी चालली आहे, पाठ मोडलेले सैनिक मोठ्या संख्येनं येतील. त्यांच्यासाठीचा विभाग सांभाळाल का? बाकीच्या डॉक्टरांना त्यात रस नव्हता. ज्या वॉर्डातून बरा होऊन कुणी बाहेर पडत नाही, तिथं कोण जाणार? गुटमान यांनी एकच अट घातली: मी माझ्या पद्धतीनं काम करीन. १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनपासून साठएक किलोमीटरवर, स्टोक मँडव्हिल इथल्या बराकींमध्ये विभाग सुरू झाला. खाटा २६ आणि रुग्ण एक.

ज्याला विजेचा इतका अभ्यास, तो माणूस तिथं पहिल्यांदा यंत्रं मांडील, असं आपल्याला वाटेल. गुटमान यांनी पहिल्यांदा प्लॅस्टर कापून काढली. रुग्ण प्लॅस्टरच्या साच्यात पडून यायचे आणि आत पाठ सडलेली असायची. त्यांनी स्पंजच्या उशांचे तुकडे रचून बिछाने केले. आणि नियम घातला, की प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. दिवसा आणि रात्रीही. तीनचार जणांची तुकडी खाटेमागून खाट घेत जायची. शेवटच्या खाटेपर्यंत पोचावं, तो पहिल्या खाटेची वेळ झालेली असे.

यामागचं कारण अगदी साधं आहे. आपण धडधाकट माणसं झोपेतही कूस बदलतो, खुर्चीवर बसल्या बसल्या चुळबुळ करतो. कातडीखालचं रक्त अडलं, की ती मेंदूला कळवते आणि आपण नकळत हलतो. मज्जारज्जू तुटलेल्याला हा निरोपच पोचत नाही. हाड आणि बिछाना यांच्यामध्ये मांस चेंगरत राहतं, रक्ताविना मरतं. माणसाला कळत नाही, कारण दुखत नाही. तेव्हा त्याची चुळबुळ दुसऱ्या कुणीतरी करायची. दर दोन तासांनी.

गुटमान रात्री-अपरात्री अचानक वॉर्डात हजर व्हायचे. कूस बदलली की नाही ते पाहायचे, चादरीला सुरकुती असली तरी आवाज चढायचा. लघवीची नळी निर्जंतुक हातांनी घालायची शिस्त त्यांनी डॉक्टरांनाच लावून घ्यायला लावली. परिचारिका कुरकुरल्या, सहकारी हसले. या माणसांसाठी एवढा आटापिटा कशाला, असा सूर होता. पण जखमा भरू लागल्या, ताप उतरू लागले आणि ज्यांच्याभोवती पडदे लागायचे ती माणसं उठून बसू लागली.

आता त्यांचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. गुटमान यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांच्या कार्यशाळा काढल्या आणि माणसं कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागतील असं पाहिलं. एकदा काही रुग्ण चाकांच्या खुर्च्यांवर बसून काठ्यांनी एक चकती इकडंतिकडं ढकलत असलेले त्यांना दिसले. त्यातून व्हीलचेअर पोलो निघाला. मग नेमबाणी आली. धनुष्य ताणण्यात खांदे आणि पाठीचा वरचा भाग तयार होतो, तोल सांभाळायला येतो. शिवाय तिरंदाजीत खुर्चीवरचा माणूस उभ्या माणसाला हरवू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ जणांनी, त्यात दोन स्त्रिया, तिरंदाजीची स्पर्धा खेळली. १९५२ साली नेदरलंड्सचे खेळाडू आले. १९६० साली ऑलिंपिकनंतर रोममध्ये सुमारे चारशे खेळाडू जमले. तीच पहिली पॅरालिंपिक.

त्या वाटेवर आपलाही एक माणूस भेटतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीत अडकून राहिली. १९६८ साली ते तेल अवीवच्या स्पर्धेला गेले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. हायडेलबर्ग जर्मनीतलं. ज्या देशानं गुटमान यांना हाकललं, त्याच देशात त्यांच्या झेंड्याखाली जगभरच्या खुर्च्या जमल्या होत्या आणि इस्लामपूरचा माणूस पाण्यात सगळ्यांच्या पुढं होता. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडावं लागलं, हा आपला हिशोब.

*

गुटमान देवमाणूस होते असं चित्र मला रंगवायचं नाही. ते हेकट होते. वॉर्डात त्यांचा शब्द शेवटचा आणि कित्येकदा पहिलाही. रुग्ण त्यांना प्रेमानं पप्पा म्हणत, पण तो दरारा असलेला बाप होता. सकाळी नैराश्यानं तोंड भिंतीकडं करून पडलेल्या रुग्णाला ते तसं पडू देत नसत. मोडलेल्या मणक्यावर लगेच शस्त्रक्रिया करायला त्यांचा कडवा विरोध होता. त्या काळच्या शस्त्रक्रियांचे परिणाम पाहता तो समजण्यासारखाही होता, पण नवी तंत्रं आली तरी त्यांनी तो सैल केला नाही. आज मणके स्क्रूनं पक्के करून रुग्णाला लवकर बसतं करणं ही नित्याची गोष्ट आहे. खेळांची दारंही बराच काळ खुर्चीवरल्यांपुरतीच राहिली. हातपाय तुटलेले आणि अंध खेळाडू आत आले ते १९७६ साली टोरांटोला.

पण अभ्यासक म्हणून ते कडक होते, स्वतःशीसुद्धा. डेव्हिड व्हिटरिज यांच्याबरोबर त्यांनी १९४७ साली दाखवून दिलं, की इजा छातीच्या वरच्या भागात असेल, तर नुसतं मूत्राशय तुंबल्यानंही रक्तदाब भयानक चढू शकतो. शरीराचा खालचा भाग मेलेला नसतो. तो फक्त मेंदूच्या ताब्याबाहेर गेलेला असतो आणि कधीकधी बंडही करतो. १९६६ साली त्यांना सर हा किताब मिळाला, १९७६ साली रॉयल सोसायटीचं सदस्यत्व. १८ मार्च १९८० रोजी हृदयविकारानं ते गेले.

त्यांच्या पश्चात वीज फार पुढं गेली. १९८२ साली अमेरिकेत ओहायोमध्ये पेट्रोफस्की यांनी संगणकाच्या मदतीनं एका तरुणीच्या पायांना क्रमाक्रमानं झटके देऊन तिला काही पावलं चालवलं. पायांना पट्ट्या लावून पेडल मारायच्या सायकली निघाल्या. २०१६ साली झुरिकजवळ अशा सायकलींची शर्यतही झाली. २०११ साली लुइव्हिलमध्ये आणि २०१८ साली लोझानमध्ये पायाऐवजी मज्जारज्जूवरच, इजेच्या खाली, तारा बसवून वीज दिली गेली. महिनोन् महिने सराव केल्यावर काही मोजक्या रुग्णांना स्वतःच्या इच्छेनं पाय हलवता आले, आधार घेऊन पावलंही टाकता आली. ही आशा खोटी नाही. साधं यंत्रसुद्धा नेमानं वापरलं, तर मांडी भरते, रक्त खेळतं, बसायला मांसाची गादी राहते.

पण त्याला पथ्यं आहेत. संवेदना नसलेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही. वर्षानुवर्षं वापरात नसलेलं हाड ठिसूळ होतं, जोरात आखडलेला स्नायू ते मोडूही शकतो. वरच्या भागातली इजा असेल, तर झटक्यांनी रक्तदाब उसळू शकतो. हृदयाला पेसमेकर असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. यंत्र तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हवं, आणि ते बाकी सगळ्याच्या जोडीला हवं, बदल्यात नको.

*

मध्यंतरी पाबळला जाऊन आलो. ती विहीर अजून आहे. विज्ञान आश्रमावरूनही गेलो. त्या आश्रमात पोरं लोखंड जोडायला, सुतारकाम करायला शिकतात, जमिनीत वीज सोडून पाण्याचा अंदाज घ्यायलाही शिकतात. हातानं काम करता करता माणूस शिकतो, हा कलबागांचा विचार. स्टोक मँडव्हिलच्या घड्याळदुरुस्तीच्या बाकांवर याहून वेगळं काय चाललं होतं? तेव्हा आमच्यापैकी कुणी त्या माळावर जाऊन सांगितलं असतं, की एका मुलाला खाटेवर उठून बसता येईल अशी चौकट हवी आहे, बसून करता येईल असं काम हवं आहे, तर नाही कुणी म्हटलं नसतं. पण आम्हाला विचारायचंच सुचलं नाही. आमचं सगळ्यांचं लक्ष उसळणाऱ्या पायाकडं लागलेलं.

खडकीला सैन्यातल्या अशा जखमींसाठीचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून होतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून होती. म्हणजे ज्ञान पाबळपासून फार लांब नव्हतं. ते शिक्रापूरच्या फाट्यावरून आत वळलं नव्हतं, इतकंच.

बँकेत मी हजारो कर्जदार पाहिले. एकरकमी मोठी रक्कम आणून भरीन, असं म्हणणाऱ्याचं खातं बहुधा बुडतं. दर महिन्याला न चुकता छोटा हप्ता भरणारा तरून जातो. त्या घरानं बैल विकून यंत्र आणलं, ती एकरकमी भरणा करण्याची धडपड होती. कुशीवर वळवणं हा हप्ता होता. दिवसाचे बारा, बिनपैशांचे. तो भरायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. विहिरीच्या हप्त्याची तारीख मी त्यांना प्रत्येक भेटीत सांगत होतो. हा दुसरा हप्ता मलाही ठाऊक नव्हता.

म्हणून आज ज्या घरात पाठ मोडलेलं माणूस असेल, त्या घरासाठी एवढंच लिहून ठेवतो. यंत्र आणायचं तर जरूर आणा, पण आधी घड्याळ आणा. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीही. सकाळ-संध्याकाळ आरसा धरून माकडहाड, नितंब, टाचा पाहा. लाल डाग दिसला आणि दाबूनही तो पांढरा पडत नसेल, तर त्या बाजूला वजन देऊ नका आणि डॉक्टरकडं जा. खुर्चीवर बसवलं असेल, तर दर पंधरावीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायला शिकवा. लघवीची नळी स्वच्छ ठेवा. आणि माणूस बसू लागला, की त्याच्या हाताला काम द्या.